मधल्या दाराची खुर्ची

बेगमपुऱ्यातले आमचे घरमालक शेरवानी घालून करवत चालवायचे. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, डोक्यावर लाल रुमी टोपी आणि गुडघ्याखाली दाबलेली फळी. शेरवानीवर भुसा पडला की थांबायचे, तो हलक्या हातानं झटकायचे, आणि मग पुन्हा करवत ओढायला घ्यायचे. मी एकदा विचारलं, "पेशकारसाहेब, साधा कुडता घालून का नाही करत?"

"बेटी, तीस वर्षं कचेरीत काम केलं ते याच कपड्यात," ते म्हणाले. "दुसऱ्या कपड्यात हात कामाला लागत नाही."

ते मुन्सिफाच्या कचेरीत पेशकार होते. न्यायाधीशापुढं खटल्याचे कागद ठेवायचे, साक्षीदारांच्या जबान्या उर्दूत उतरवून घ्यायच्या, असं त्यांचं काम. आम्ही त्यांच्या घरात राहायला आलो तेव्हा त्यांना वजिफा, म्हणजे पेन्शन, लागून दोन वर्षं झाली होती. आमचे हे निजाम सरकारच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, कारकून होते. मी नगरकडची. लग्न होऊन या मुलखात आले तेव्हा मला उर्दूचं अक्षर वाचता येत नव्हतं आणि निम्मं बोलणं कळत नव्हतं.

घराचे दोन भाग होते. पुढं मर्दाना, त्यातल्याच बाजूच्या दोन खोल्या आमच्याकडं. मागं जनाना आणि आंगण. मधे एक जाड सागवानी दार होतं, दोन फळ्यांचं, हाताच्या लांबीएवढ्या अडसराचं. पुरुष पाहुणा आला की ते दार लागायचं. मला मात्र ते केव्हाही उघडं असायचं, आणि त्यापलीकडं बीबी असायच्या.

बीबी पैठणच्या. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलायच्या, आणि बोलणंही सरळ, आडपडदा नाही. उंचीनं मात्र फारच लहान, माझ्या खांद्यालाही लागत नसत. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या पलंगावर होत्या, आणि पुढची दोन वर्षं मी त्यांना बहुतेक तिथंच पाहिलं. दोन्ही गुडघे धरलेले होते. हकिमांचे लेप झाले, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघितलं. सगळ्यांचं म्हणणं एक, जमिनीवर बसायचं नाही. बसलात तर उठवणार नाही.

आता त्या काळच्या घरात जमिनीवर काय नव्हतं? चूल जमिनीवर, परात जमिनीवर, दस्तरखान, नमाज, शिवण, सगळं खाली. बीबी म्हणायच्या, "माझं सगळं घर खाली हाय आणि मला वर टांगून ठेवलंय."

पेशकारसाहेबांनी जुन्या बाजारातल्या एका मिस्त्रीकडून खुर्ची करवून आणली. चांगली होती, पण कचेरीतल्या माणसाच्या मापाची. बीबींचे पाय जमिनीला टेकेनात. फळीवर ठेवलेल्या बरणीसारख्या त्या बसून राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला खाली उतरवा." पेशकारसाहेब मिस्त्रीकडं गेले. मिस्त्री म्हणाला, घरातल्यांना घेऊन या, माप घेतो. पडद्यातल्या बाईबद्दल परक्या माणसानं असं बोलावं हे पेशकारसाहेबांना लागलं. त्यांनी खुर्ची परत पाठवली, शहागंजात जाऊन करवत, रंधा आणि तीन पटाश्या विकत घेतल्या, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी सुतारकाम सुरू केलं.

त्याआधी त्यांनी हातानं केलेली वस्तू म्हणजे फक्त कलम. बोरू तासण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मला वाटतं त्यांची समजूत अशी होती, की लाकूड म्हणजे मोठा बोरू.

पहिल्यांदा एक तिवई केली, बाभळीची. वखारवाल्यानं सांगितलं होतं की गाडीची चाकं बाभळीची करतात, याच्याइतकं मजबूत लाकूड नाही. ते खोटं नव्हतं. पण ते लाकूड नुकतंच तोडलेलं होतं. आठ दिवस घाम गाळून त्यांनी ती तिवई उभी केली, आणि उन्हाळ्याच्या तीन आठवड्यांत तिचे पाय असे फिरले, की तिच्यावर ठेवलेला लोटा एकीकडं घसरायचा. त्यांनी तिला फेकलं नाही. कोनाड्यापुढं ठेवली, समोर चटई टाकून बसले, आणि तिची मिसल लिहायला घेतली.

ही मिसल म्हणजे खटल्याचं दप्तर. ते प्रत्येक वस्तूची लिहायचे. कागदाची घडी, वर लाल दोरा. आत हकीकत, पुरावा, शेवटी फैसला. मला वाचता येत नसे, म्हणून ते वाचून मराठीत सांगायचे. बाभळीच्या मिसलीत लिहिलं होतं, वखारवाल्याची जबानी ऐकली, लाकडाची घेतली नाही. लाकूड ओलं आहे हे त्याच्या वजनानं सांगितलं होतं, वासानं सांगितलं होतं, करवतीला चिकटलेल्या भुशानं सांगितलं होतं. ऐकणारा ऐकत नव्हता. कसूर कारागिराचा.

दुसरी वस्तू आंब्याची. बीबींच्या पलंगाशेजारी, हात पोचेल अशी फळी, तिच्यावर पानदान आणि औषधाच्या बाटल्या. आंब्याचं लाकूड रंध्याखाली मऊ चालतं, ते खूश होते. पावसाळ्यानंतर फळीखाली पिवळं पीठ पडायला लागलं. बीबी म्हणाल्या, "दुपारी निवांत असलं की आवाज येतो." त्यांनी फळीला कान लावला. मलाही बोलावून कान लावायला सांगितलं. आतून बारीक कुरतडल्याचा आवाज येत होता.

"खातायत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, उलट साक्षीदार अखेर बोलायला लागल्यासारखं काहीतरी होतं. त्या दिवसापासून ते बाहेर जाताना दिसेल त्या लाकडावर बोटाचं पेर आपटायचे. मशिदीचा दरवाजा, टांग्याची दांडी, आमच्या घरातलं पोळपाट. आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. लोक हसत. ते हसणाऱ्याकडं बघत नसत.

तिसरी वस्तू मेज. तेव्हा रॉकेलचे डबे देवदाराच्या खोक्यांतून यायचे. हलकं, पांढरं, वाळलेलं लाकूड, कीड नाही. बाभूळ फिरली, आंबा पोखरला, आता हे सापडलं असं त्यांना झालं. पलंगाच्या आणि आंगणाच्या दाराच्या मधे ठेवायचं, बीबींनी उठून त्याला धरायचं, दम घ्यायचा आणि पुढं जायचं, असा बेत होता. मेज दिसायला सुरेख झालं. पहिल्यांदाच चारी पाय जमिनीला लागले. खिळे आणि सरस लावून जोडलेलं होतं.

सहा दिवस बीबी त्याला धरून आंगणापर्यंत गेल्या. सातव्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते. मागं काहीतरी कडकडलं, आणि मग बीबींचा आवाज आला नाही, हे मला जास्त भीतीचं वाटलं. मी धावले. खिळ्यापाशीच पाय उभा फाटला होता. बीबी कुशीवर पडल्या होत्या, उजवा हात अंगाखाली. पेशकारसाहेब आंगणात काम करत होते, ते माझ्याआधी पोचले होते. हातात रंधा तसाच होता. तो खाली ठेवायचं त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. मी त्यांच्या हातातून काढून घेतला तेव्हा कुठं त्यांनी बीबींच्या खांद्याखाली हात घातला.

मनगट मोडलं होतं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण थोडं वाकडं.

त्या मेजाची मिसल त्यांनी लिहिली नाही. हत्यारं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. शेरवानी घालून सकाळी बाहेर जायचे, पाणचक्कीपाशी हौदाच्या कठड्यावर बसायचे, जेवायला परत यायचे. बीबींशी बोलायचे ते औषधापुरतं. असे दोन महिने गेले असतील.

मग एका सकाळी मी बीबींचे केस विंचरत होते आणि ते दारात उभे राहून विचारत होते की आज हात कसा आहे. बीबींनी मला थांबवलं.

"हिच्यासमोर सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोकांना सांगता, तिच्या पायात जोर नव्हता म्हणून पडली. तसं नाय. मी पडले ती तुमच्या मेजामुळंच."

ते दाराची चौकट धरून तिथंच उभे राहिले.

"व्हय का नाय?"

"व्हय," ते म्हणाले.

"मग आता मी मरेपर्यंत छत बघत पडू का? तुम्हाला येत नाय तर कुणाकडून शिकून घ्या. पण माझ्याकडं पाठ करून हौदावर बसू नका."

माझ्या हातात त्यांचे केस तसेच होते. पेशकारसाहेब गेल्यावर बीबी म्हणाल्या, "घाल वेणी."

ते गेले त्याच मिस्त्रीकडं, ज्याची खुर्ची परत पाठवली होती. एकटे जायचा धीर होईना म्हणून आमच्या ह्यांना बरोबर घेतलं. ह्यांनी घरी येऊन मला सगळं सांगितलं.

मिस्त्री म्हातारा होता. त्यानं ओळखलं, बसा म्हणाला नाही. ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "साहेब, मी एकदा तुमच्या कचेरीत साक्षीला आलो हुतो. सकाळपासून उन्हात उभा. मी मराठीत बोललो, तुम्ही उर्दूत लिवलं, मी अंगठा दिला. काय लिवलं ते मला आजपर्यंत ठाव नाय. तुम्हाला आठवतंय का?"

पेशकारसाहेबांनी बराच वेळ आठवून बघितलं असावं. मग म्हणाले, "नाही आठवत."

"खोटं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं," मिस्त्री म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

मिस्त्रीनं एक दगड पुढं सरकवला, त्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, "मग बसा. पटाशीला धार लावा."

दहा-बारा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. रोज शेरवानी घालून जुन्या बाजारात जायचे आणि धार लावायचे. मिस्त्री ती अंगठ्यावर बघायचा आणि परत द्यायचा. मग खाच पाडायला शिकवलं, तिच्यात कूस, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं तासून बारीक केलेलं टोक, बसवायला शिकवलं, खिळा न मारता. लाकूड वजनानं ओळखायचं, रेषा बघून कापायचं, गाठ कुठं ठेवायची आणि कुठं टाळायची. "मेज फाटलं ते देवदारामुळं नाय," मिस्त्रीनं सांगितलं. "टोकाजवळ खिळा मारला म्हणून. ज्यावर माणूस भार टाकणार तिथं खिळ्यावर इसंबायचं नाय." ते घरी आले आणि त्या रात्रीच्या जेवणाआधी मेजाची मिसल लिहून दोरा बांधला.

खुर्चीसाठी सागवानच पाहिजे असं मिस्त्रीचं म्हणणं पडलं. बीबी दोन्ही हातांवर भार देऊन उठणार, तेव्हा खुर्चीचे हात मजबूत हवेत, पाय फिरता कामा नयेत. कन्नडकडून सागवानाच्या गाड्या येत, पण ते लाकूड ताजं. सावलीत ठेवून दोन पावसाळे गेले पाहिजेत. पेशकारसाहेब म्हणाले, "दोन वर्षं थांबायला कोण आहे?"

हे बोलणं आमच्याच घरात, मर्दान्यात, चालू होतं. मिस्त्री पहिल्यांदाच घरी आला होता. मधलं दार लागलेलं होतं, मी आत बीबींजवळ होते. मिस्त्री बोलता बोलता थांबला. मग दारावर ठक ठक ऐकू आलं. वरून खाली, तीन-चार ठिकाणी.

"साहेब, वाळलेलं लाकूड तुमच्या घरातच हाय की. हे तुमच्या आज्याच्या येळचं असंल."

"ते मधलं दार आहे," पेशकारसाहेब म्हणाले.

"व्हय. तेच म्हणतो."

"ते मधलं दार आहे," ते पुन्हा म्हणाले, जरा हळू.

बीबी पलंगावर उठून बसल्या होत्या. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, जणू कोणी समोर येणार आहे, आणि दाराकडं तोंड करून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "काढा ते."

परक्या पुरुषाला ऐकू जाईल असं त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या असाव्यात.

"तिथं पडदा लावता येतो," बीबी म्हणाल्या. "कापडाचा पण पडदाच असतो."

पेशकारसाहेबांनी चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत ते दार उघडायचे, मिटायचे, अडसर सरकवायचे. त्यांच्या आईनं, आजीनं त्या दारापलीकडं जन्म काढला होता. पाचव्या दिवशी बिजागऱ्या काढल्या. एक फळी खुर्चीला पुरेल, दुसरी राहू दे, असं आमचे हे म्हणाले. पेशकारसाहेब म्हणाले, अर्धं दार कुणाच्या कामाचं? दोन्ही फळ्या उतरल्या. बीबींनी त्यांचं जाड हिमरूचं पांघरूण उसवून तिथं टांगायला दिलं.

माप मी घेतलं. मिस्त्रीनं पडद्यापलीकडून सांगितलं, आडवं असताना नाही, बसवून घ्या. आंगणातल्या ओट्याच्या कडेवर बीबींना बसवलं, पायाखाली विटा ठेवत गेले, दुखणं थांबलं तिथं थांबले. टाच ते गुडघा, गुडघा ते पाठ, मांडी ते कोपर. कागद-पेन्सिल नको म्हणाले पेशकारसाहेब. दोऱ्याला गाठी मारून दिल्या. खुर्चीच्या बैठकीची उंची एक वीत आणि सात बोटं निघाली. मिस्त्री गाठी बघून म्हणाला, "एवढुशी?"

मिस्त्रीनं त्या लाकडाला हात लावला नाही. रोज दुपारी मर्दान्यात यायचा, उकिडवा बसून बघायचा, विडी ओढायचा. पहिले पाय पेशकारसाहेबांनी खोक्याच्या लाकडाचे करून बघितले, मग सागवानाला करवत लावली. एका पायाची कूस सैल झाली. सरस भरून चालवता आलं असतं. त्यांनी मिस्त्रीकडं बघितलं, मिस्त्रीनं रस्त्याकडं. तो पाय त्यांनी बाजूला टाकला आणि दुसरा करायला घेतला. सव्वा महिना लागला. लाखेचं पॉलिश दिलं नाही, नुसतं जवसाचं तेल चोळलं, कारण बीबींना वासानं त्रास व्हायचा.

खुर्ची देखणी नव्हती. पाठ जरा जाड, एक हात दुसऱ्यापेक्षा सुताभर रुंद. गवंड्याकडून चूल आधीच ओट्यावर चढवून घेतली होती. बीबींना मी आणि पेशकारसाहेबांनी धरून खुर्चीत बसवलं. पाय टेकले. त्यांनी टाचा जमिनीवर दोनदा दाबून बघितल्या. हातांवर भार देऊन स्वतः उठल्या, पुन्हा बसल्या. खुर्ची कुठंच हलली नाही. मला म्हणाल्या, "परात दे. पीठ आण."

वाकड्या मनगटानं त्या कणीक मळायला लागल्या. पेशकारसाहेब थोडा वेळ उभे राहिले, मग आंगणात गेले आणि आमच्याकडं पाठ करून भिंतीशी उभे राहिले. या वेळी बीबी त्यांना काही बोलल्या नाहीत.

चार वर्षं बीबी त्या खुर्चीत होत्या. स्वयंपाक, नमाज, शिवण. सकाळी ती आंगणात, दुपारी ओट्यापाशी, पेशकारसाहेब उचलून ठेवायचे. माझी मोठी मुलगी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते बीबींनी, त्याच खुर्चीत बसून. मग एका हिवाळ्यात त्यांना छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत त्या गेल्या.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नातेवाईक निघाले तेव्हा त्यांच्यातल्या एकानं खुर्ची मागितली. लहान मुलांना बरी आहे म्हणाला. पेशकारसाहेबांनी नकार दिला. दुसरं कोणी म्हणालं, पायांना तुकडे जोडा, तुम्हाला वापरता येईल. त्यांनी त्यालाही नकार दिला. महिनाभरानं ते माझ्याकडं आले.

"बेटी, खुर्ची रिकामी राहणं बरोबर नाही," ते म्हणाले. "आणि तिला कापणंही बरोबर नाही. या शहरात त्या मापाची, गुडघे गेलेली, दुसरी कोणी बाई असेलच. ती शोधायची. पण आत जाऊन माप घ्यायला मला तुमची गरज आहे."

मी तो गाठींचा दोरा घेऊन किती घरांत गेले याचा मला हिशेब नाही. ते बाहेर उभे राहायचे, मी आत जायचे. कोणी उंच निघायची, कोणाला खुर्चीत बसायची लाज वाटायची, कोणाच्या सुना मला वेडी समजायच्या. शेवटी आमच्याच बेगमपुऱ्यात, हिमरू विणणाऱ्यांच्या घरात, एक म्हातारी सापडली. नजर अधू झालेली, पाय आखडलेले, आणि दोऱ्याची प्रत्येक गाठ जिथल्या तिथं बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्ची नेली. पेशकारसाहेब दारातल्या पडद्याबाहेर थांबले. मी आणि सुनेनं म्हातारीला बसवलं. तिनं पाय टेकवले, मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवरून पुढं-मागं फिरवले. टोकाशी तिची बोटं थांबली. तिथं चार वर्षं तळव्यांचा भार पडून लाकूड गुळगुळीत झालं होतं, आणि तेलकट, काळं.

"हे नवं नाय," म्हातारी म्हणाली. "इथं कोण बसायचं?"

"त्यांच्या घरातल्या," मी म्हणाले.

"घरातल्या म्हणजे कोण? नाव असंल ना बाईचं."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला ते माहीत नाही. मी त्यांना बीबी म्हणायचे. मिस्त्री, शेजारी, मोलकरीण, सगळे बीबी म्हणायचे. पेशकारसाहेबांच्या तोंडून त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे.

मग पडद्याबाहेरून त्यांचा आवाज आला. कचेरीत पुकारा करावा तसा, सावकाश, एकेक शब्द सुटा. त्यांनी बीबींचं नाव सांगितलं, बीबींच्या वडलांचं नाव सांगितलं, आणि राहणार पैठण, असं सांगितलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. म्हातारीनं ते एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं, आणि मग मागं टेकून बसली.